देवाच्या पसंतीचे जगणे : टिळक दांपत्याची वाट

आमच्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत आमची बदली राजनांदगावला झाली होती. तेव्हा तो जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि तो तिकडे गेला. इंदूरकर माणसाला हे ठिकाण लांबचेच. नागपूरला गाडी बदलावयाची, मग भंडारा, गोंदिया, डोंगरगड अशी स्थानके मागे टाकीत राजनांदगाव गाठावयाचे. हा प्रवास आम्ही किती वेळा केला याची मोजदाद नाही. परंतु याच लोहमार्गावर १८९३ साली एका मराठी कवीच्या आयुष्याला निराळे वळण लागले होते, याचे भान आम्हांस पुष्कळ उशिरा, म्हणजे 'स्मृतिचित्रे' दुसऱ्यांदा वाचताना आले. ते कवी म्हणजे नारायण वामन टिळक.

पहिल्यांदा हे पुस्तक आम्ही ऐकले ते आमच्या मातोश्रींच्या तोंडून. दुपारची कामे आटोपली की त्या शेजारच्या दोन-चार बायकांना ते वाचून दाखवीत. टिळकांच्या धर्मांतराचे प्रकरण आले तेव्हा वाचन थांबले, आणि चष्मा काढून मांडीवर ठेवीत आई म्हणाली, "देवाला आवडलं असेल हो, पण बायकोला विचारलं होतं का?" बायका हसल्या, पण उत्तर कोणी दिले नाही. देवाला आवडेल असे आयुष्य जगू पाहणाऱ्या माणसाविषयी विचारण्यासारखा याहून नेमका प्रश्न आम्हांस पुढेही सापडला नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या प्रश्नाच्या आधाराने टिळक दांपत्याच्या आयुष्याकडे पाहण्याचा आहे. ख्रिस्ती माणसाने देवाच्या पसंतीस उतरेल असे कसे जगावे, याची मराठी भाषेत जी थोडी उदाहरणे साद्यंत लिहिली गेली आहेत, त्यांत या घराचे स्थान फार वरचे आहे.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणातील करजगावचा. विद्वान, कवी, वक्ते, आणि एका जागी न टिकणारे, असा त्यांचा लौकिक होता. नागपुरात असताना श्रीमंत विद्याप्रेमी अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले. या अभ्यासातून आणि सभोवतालचा समाज पाहून त्यांची अशी खात्री होत गेली की जातिभेद हे देशाचे मोठे दुखणे आहे, आणि नवा, सर्वांना जवळ करणारा धर्म देशाला हवा आहे. अशा धर्माची काही सूत्रेही त्यांनी मनाशी बांधली होती. ईश्वर सर्वांचा पिता आणि माणसे एकमेकांची भावंडे, हे त्यांतले मुख्य.

अशा मनःस्थितीत, राजनांदगाव संस्थानात काही काम मिळेल या आशेने ते नागपूरहून निघाले. राजनांदगाव हे त्या काळी वैरागी महंतांचे संस्थान होते. मधल्या वर्गाच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली. संस्कृत काव्यावर बोलणे सुरू झाले, ते धर्मावर आले. उतरताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, तो रोज वाचण्याचे वचन घेतले, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत विचित्र वाटले. पण शब्द दिला होता म्हणून ते वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांत असलेल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते पोहोचले, आणि तेथून त्यांना हलवेना.

या प्रवचनाचा आशय ख्रिस्तेतर वाचकांसाठी थोडक्यात सांगणे आवश्यक वाटते. त्यात पूजेचा विधी सांगितलेला नाही आणि व्रतांची यादीही नाही. राग हे खुनाचेच मूळ समजावे, शत्रूवरही प्रेम करावे, दान उजव्या हाताचे डाव्या हातास कळणार नाही असे करावे, प्रार्थना लोकांनी पाहावी म्हणून करू नये, आणि वेदीवर अर्पण ठेवताना भावाचे आपल्याविषयी काही गाऱ्हाणे आहे हे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, असा हा उपदेश आहे. म्हणजे देवाची मर्जी राखावयाची तर आधी माणसाकडे जावे लागते. वारकरी संतांच्या वाणीवर वाढलेल्या मराठी माणसाला हे अगदी परके वाटू नये. स्वतः टिळकांनी पुढे वारंवार सांगितले की आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो ते तुकारामाच्या पुलावरून.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतील ते भाकीत जवळजवळ दिवसांच्या हिशेबाने खरे ठरले.

येथपर्यंतची कथा एखाद्या धर्मपर चरित्रात शोभेल अशी आहे. परंतु टिळक एकटे नव्हते. घरी पत्नी लक्ष्मीबाई होत्या, तीन-चार वर्षांचा दत्तू होता. बाप्तिस्म्याचा निर्णय टिळकांनी पत्नीला विचारून घेतला नव्हता. तिला तो नंतर कळला. आमच्या मातोश्रींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर 'नाही' असेच आहे, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

त्या काळी उच्चवर्णीय हिंदूने बाप्तिस्मा घेणे म्हणजे काय होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. जात सुटे, आप्तांच्या पंक्तीतील पान उठे, आणि धर्मांतरिताची पत्नी नवरा जिवंत असून नसल्यासारखी होई. आयुष्यभर कायद्याच्या पुस्तकांशी संबंध आल्यामुळे या बाबीची कायदेशीर बाजू आम्हांस विशेष लक्षणीय वाटते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला. पुढे १८६६ च्या कायद्याने (त्याचाही क्रमांक योगायोगाने एकवीसच होता) ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीय माणसाला आणखी एक वाट मोकळी करून दिली. धर्मांतरामुळे पत्नीने सहा महिने नवऱ्याचा त्याग केला असेल, तर तो न्यायालयात दाद मागू शके. न्यायालय पत्नीचे मन जाणून घेई, विचारासाठी एक वर्षाचा अवधी देई, आणि तरीही ती नांदावयास आली नाही तर विवाह रद्द होऊन दोघांनाही पुनर्विवाह करता येई. पतीने धर्म बदललेल्या स्त्रीलाही हाच मार्ग उलट बाजूने खुला नव्हता. दाद मागण्याचा अधिकार धर्मांतरिताचा होता.

या कायद्यामागे बायबलातील एक जुना प्रश्न उभा आहे. करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने हाच पेच सोडविला आहे. पत्नी विश्वास न ठेवणारी असली, पण नवऱ्याजवळ राहण्यास राजी असली, तर त्याने तिला सोडू नये. ती आपण होऊन वेगळी झाली तर मात्र तो बांधलेला नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. दुसरीकडे शुभवर्तमानात आईबाप, मुलेबाळे यांच्याहून माझ्यावर अधिक प्रेम करा, असे ख्रिस्ताचे कठोर बोलही आहेत. देवाला प्रसन्न करू पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला या दोन्ही वचनांच्या मधून चालावे लागते. पहिल्या पावलावेळी टिळक दुसऱ्या वचनाच्या बाजूने झुकले, असे म्हणावे लागेल. मात्र कायद्याने दिलेल्या वाटेने ते गेले नाहीत. पत्नी दूर राहिली तरी त्यांनी तिला पत्रे लिहिणे सोडले नाही, आणि ती परत येईल ही आशाही सोडली नाही.

आता लक्ष्मीबाईंकडे वळू. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे विलक्षण वेड शिरले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावयाची. धान्य, मसाला तर खरेच, पण मीठ-गूळसुद्धा त्यातून सुटत नसे. ज्या घरात मीठ धुतले जात होते त्या घरातून ही मुलगी अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली. शाळा नाही, अक्षरओळख नाही. नवरा विद्वान, पण लहरी. हातात पैसा टिकावयाचा नाही, आणि आज येथे तर उद्या कोठे हे घरातल्या माणसांनाही ठाऊक नसावयाचे. वाचावयास त्यांनीच तिला शिकविले, हे मात्र कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे.

अशा स्त्रीला नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी कळली. त्यानंतरचा काही काळ त्यांनी पंढरपुरात आप्तांच्या आधाराने काढला. दुःख अनावर झाले तेव्हा त्यांच्या तोंडून कविता उमटू लागली. लोक सांत्वन करीत होते, सल्ले देत होते, टोचूनही बोलत होते. हे सारे त्यांनी चाळीस वर्षांनंतर लिहिले तेव्हा त्यात कडवटपणा राहिला नव्हता. स्वतःच्या रडण्यालाही त्या हसू शकल्या होत्या. मात्र ज्याने वाचले आहे त्याला त्या हसण्याखालचे ओझे जाणवल्यावाचून राहत नाही.

काही काळाने त्या मुलाला घेऊन अहमदनगरास टिळकांकडे आल्या. अमेरिकन मराठी मिशनचे हे जुने ठाणे. टिळक तेथे शिकविण्याचे काम करीत होते. लक्ष्मीबाई आल्या त्या हिंदू म्हणूनच, आपले देव, आपले सोवळे आणि आपली वेगळी चूल घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली, अशी ती गृहस्थी होती. टिळकांसारख्या उतावळ्या, तापट माणसाने या बाबतीत दाखविलेला संयम हा आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा पुण्यसंचय होय. बाप्तिस्मा घे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. तिच्या पाण्याला शिवले नाही, तिच्या देवांना हसले नाही. पौलाच्या उपदेशातील जो भाग आधी बाजूला पडला होता, तो त्यांनी आता रोजच्या वागण्यात पाळला. समेट करून मग अर्पणाकडे यावे, हा डोंगरावरील उपदेश त्यांच्या हातून उशिरा का होईना पुरा झाला.

लक्ष्मीबाईंच्या मनातील बदल कोणत्या प्रवचनाने झाला नाही. राहुरीस असताना त्यांच्या मनात एक साधा विचार आला. जात देवाने केली असेल तर तिच्या काही खुणा माणसाच्या अंगावर असावयास हव्या होत्या. जन्म सर्वांचा सारखा, मरण सारखे, भूक-तहान सारखी. मग ही जात माणसानेच केली असणार. हा विचार पटताच त्यांनी ठरविले की यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे व प्यावयाचे. म्हणजे त्या आधी सोवळ्यातून बाहेर आल्या, आणि त्यानंतर ख्रिस्ती झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाप्तिस्म्यापासून हे अंतर पाच वर्षांचे आहे.

या क्रमाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. टिळक ग्रंथातून ख्रिस्ताकडे गेले. लक्ष्मीबाई पाण्याच्या तांब्यावरून गेल्या. मीठ धुणाऱ्या घरात वाढलेल्या बाईने दुसऱ्या जातीच्या हातचे पाणी पिणे, याला किती बळ लागले असेल याचा अंदाज ज्यांनी आपल्या आजीचे सोवळे पाहिले आहे त्यांनाच यावा. टिळकांची उडी मोठी होती यात संशय नाही. परंतु जे पटले ते त्याच दिवशी स्वयंपाकघरात अमलात आणणे, ही लक्ष्मीबाईंची रीत सामान्य संसारी माणसास अधिक जवळची आहे.

पुढचे दिवस या घराच्या कसोटीचे होते. १८९६ च्या अखेरीस मुंबईत शिरलेला प्लेग गावोगाव पसरत होता, आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला. अनाथ मुलांची संख्या वाढली. टिळकांच्या घरी स्वतःची दोन मुले होती, दत्तू आणि तारा. पण पानावर बसणारी मुले नेहमीच कितीतरी अधिक. कोणी दुष्काळात उघडे पडलेले, कोणी टाकून दिलेले, कोणी शिकावयास आलेले. टिळक एखाद्याला हाताला धरून घरी आणीत आणि तो आता येथेच राहील असे सांगून मोकळे होत. त्याचे अन्न, कपडा, आजारपण, हट्ट हे सर्व लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. महिन्याचा पगार हाती आला की तो घरी पोहोचण्यापूर्वीच गरजवंताकडे जाण्याची भीती असे. दान देणाऱ्याचे नाव होते, आणि त्या दानासाठी चिमटा घेऊन संसार करणाऱ्या माणसाचे नाव कोठे लिहिले जात नाही. सुदैवाने या घरात ते काम करणाऱ्या बाईने स्वतःच लेखणी हाती घेतली, म्हणून आपल्याला ही दुसरी बाजू कळली.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा तरुण कवी येऊन राहिला होता. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याला पुत्रवत् जवळ केले. लक्ष्मीबाईंशी त्याचे भांडण आणि मनधरणी आई-मुलासारखी चाले. ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांच्या घराचा उंबरठा ओलांडण्यास धर्माची अट नव्हती, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण होय. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा या घराने आपले मूल गेल्यासारखे दुःख केले.

आता टिळकांच्या दुसऱ्या कार्याचा उल्लेख करावयास हवा. त्या काळचा ख्रिस्ती समाज बहुतांशी परक्या चालींवरील भाषांतरित गीते गात असे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींत पदे रचण्यास आधीच आरंभ केला होता. टिळकांनी त्या वाटेचा राजमार्ग केला. अभंग, पदे, आरत्या यांची त्यांनी शेकडोंनी भर घातली, आणि टाळ-वीणा घेऊन कीर्तन उभे केले. १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९०९ च्या सुमारास त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले. गोमंतकातील आमच्या वाचकांना येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलच्या छापखान्यातून बाहेर पडले. नव्या विश्वासात आलेल्या माणसाने आपली भाषा, आपले छंद, आपली श्रवणाची गोडी मागे टाकावी असे स्टीफन्सला वाटले नाही. तीनशे वर्षांनी नगरला टिळक तेच म्हणत होते. देवाला माणूस हवा असेल तर तो त्याच्या मातृभाषेसह हवा असणार, अशी या दोघांचीही श्रद्धा होती.

मात्र टिळकांची अस्वस्थता भाषेपुरती नव्हती. एतद्देशीय ख्रिस्ती समाज मिशनच्या पगारावर अवलंबून आहे, वेषाने व राहणीने शेजाऱ्यांपासून तुटला आहे, आणि त्यामुळे ख्रिस्ताचे नाव लोकांना परके वाटते, हे त्यांना सलत होते. आपण स्वतः त्या पगाराचे धनी आहोत हेही त्यांना दिसत होते. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वयाची पंचावन्न वर्षे उलटली होती. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, या दरबारात बंधू म्हणून येऊ शके. बाप्तिस्म्यासाठी एके काळी घरदार पणाला लावणारा माणूस आता बाप्तिस्म्याला प्रवेशाची अट मानीत नव्हता. काही मिशनरी मित्रांना हे रुचले नसेल तर नवल नाही. परंतु बावीस वर्षांत टिळकांच्या मनाने कोठून कोठे प्रवास केला, हे या एका गोष्टीवरून ध्यानात येते. ज्याने पत्नीची वेगळी चूल घरात सांभाळली, त्याला देवाच्या दरबारात वेगवेगळ्या चुली पाहून भय वाटण्याचे कारण उरले नव्हते.

निवृत्तिवेतन घेणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला या राजीनाम्याकडे पाहताना थोडे संकोचल्यासारखे होते. ठरलेल्या तारखेस येणारा पगार माणसाला किती धीर देतो हे आम्ही जाणतो. तो सोडण्याची हिंमत थोर खरी. पण पुन्हा मातोश्रींचा प्रश्न पुढे येतो. या वेळी घरात काय झाले? लक्ष्मीबाईंना काळजी वाटली नसेल असे कोण म्हणेल? पण या वेळी त्या मागे राहिल्या नाहीत. १८९५ चे पाऊल टिळकांनी एकट्याने टाकले होते. १९१७ चे पाऊल टाकताना बायको बरोबर होती. या दोन प्रसंगांमधील अंतर हेच आमच्या मते त्या दोघांच्या ख्रिस्ती जीवनाचे खरे माप होय.

दरबाराला फार दिवस लाभले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. राजीनाम्यापासून अवघे वीस महिने. दरबारही त्यांच्यामागे फार काळ तग धरू शकला नाही. 'ख्रिस्तायन' अपुरे होते.

येथे लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा तिसरा अंक सुरू होतो. काही काळ त्या मुलाकडे कराचीस राहिल्या, मग नाशिकला आल्या. कीर्तने केली. नवऱ्याने थोडेसेच लिहून ठेवलेले महाकाव्य त्यांनी पुढे नेले, आणि त्यातील बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत. ज्या बाईला लग्नात अक्षर ठाऊक नव्हते तिने हे करावे, हे वाचून थक्क व्हावयास होते. १९३३ साली नागपूर येथील ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहू इच्छीत होता; त्यासाठी आठवणी लिहून दे, असा त्याने आग्रह धरला, आणि त्या आग्रहातून 'स्मृतिचित्रे' जन्माला आली. १९३४ पासून ती भागशः पुस्तकरूपाने निघाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. अखेरचा भाग त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला.

या पुस्तकात ख्रिस्ती धर्माची शिकवण सांगणारी प्रकरणे नाहीत. लेखिका स्वतःला पुण्यवान म्हणवीत नाही, नवऱ्याला संत बनवीत नाही. त्यांचा राग, विसरभोळेपणा, हट्ट, उधळेपणा सर्व सांगते, आणि त्याच ओघात त्यांची निर्व्याज भूतदयाही सांगते. खरे बोलणे आणि क्षमा करणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे फार कठीण असते. न्यायाने वागावे, दया आवडीने करावी आणि देवाबरोबर नम्रपणे चालावे, एवढेच देव मागतो असे मीखा संदेष्ट्याने सांगितले आहे. यांतील तिन्ही गोष्टी आम्हांस या पुस्तकाच्या पानापानांत दिसतात.

त्याच पिढीतील पंडिता रमाबाईंचे उदाहरण अनेकांच्या मनात येईल. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले, दुष्काळातील निराधार मुली-बायकांसाठी केडगावचे मुक्तिसदन उभारले, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांची सेवा संस्थेच्या रूपाने उभी राहिली आणि आजही दाखविता येते. टिळकांच्या घराची सेवा दाखविता येत नाही. तेथे जेवून मोठी झालेली मुले पांगली, दरबार विराला, उरली ती पदे आणि एक पुस्तक. दोन्ही मार्ग एकाच शिकवणुकीतून निघालेले आहेत. रमाबाईंसारखे कार्य क्वचित एखाद्याच्याच हातून होते, आणि घरी आलेल्याला पान वाढणे मात्र आपल्यापैकी कोणालाही शक्य आहे, एवढेच आम्ही सुचवू इच्छितो.

मग देवाला टिळकांचे जगणे आवडले असेल का? याचा निकाल देणे आमच्या अधिकाराबाहेरचे आहे. परंतु इतिहासाचा वाचक म्हणून एवढे म्हणता येते की, १८९५ साली त्यांनी जे केले त्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली, आणि टिळकांनी पुढची वर्षे ती किंमत ओळखून घालविली. पत्नीला वळविण्याची घाई केली नाही, तिच्यावर कायदा चालविला नाही, तिला शिकविले, तिचे लेखन वाढू दिले. लक्ष्मीबाईंनीही आपला राग पाण्याच्या घोटाबरोबर हळूहळू गिळला, पण जे झाले ते झाकून ठेवले नाही. ख्रिस्ती जीवन एका दिवसाच्या बाप्तिस्म्यात पुरे होत नाही, त्याला घरातल्या माणसांपुढे वर्षानुवर्षे उभे राहावे लागते, हे या दोघांनी जगून दाखविले. आणि आमच्या मते हे सर्वच धर्मांच्या माणसांना लागू आहे.

मातोश्री आता नाहीत. त्यांची ती प्रत आमच्याकडे आहे. धर्मांतराच्या प्रकरणापाशी पान दुमडलेले आहे. ती दुमड आम्ही सरळ केलेली नाही. मात्र गेल्या वर्षी नातीला पुस्तक वाचावयास दिले तेव्हा तिला सांगितले, "येथे आजी थांबली होती, तू राहुरीपर्यंत वाच, आणि मग आजीला काय उत्तर द्यायचे ते सांग."